पाचपैकी दोन

चौदा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी तिसरीतल्या एका मुलाच्या गोष्टीला पाचपैकी दोन गुण दिले. त्यानंतर हजारो वह्या आणि उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून गेल्या, तरी ते दोन गुण मनातून गेलेले नाहीत. तेव्हा मी नाशिकमध्ये, पंचवटीतल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. प्रश्न नेहमीचाच होता : दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, तिला योग्य शीर्षक द्या आणि तात्पर्य लिहा. एक शेतकरी, चार मुलगे, नेहमी भांडण, शेतकरी आजारी, मुलांना बोलावणे, काड्यांची मोळी, मोळी मोडत नाही, एकेक काडी मोडते. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी ही गोष्ट लिहिलेली आहे, आणि शेवटी ‘एकी हेच बळ’ असे लिहिले की ती पूर्ण होते, हेही आपल्याला पाठ आहे.

त्या मुलाने लिहिले होते : ‘एक शेतकरी होता. त्याला चार मुलं होती. ते रोज भांडायचे. शेतकरी बोलला मोळी आणा. मग मोळी मोडली नाही. मग एक एक काडी मोडली. मग आईने त्या काड्या चूलीत घातल्या आणि भाकरी केली. मग सगळे जेवले. मग ते भांडले नाही.’

मी ‘चूलीत’मधल्या दीर्घ ऊकाराभोवती लाल गोल केला, ‘बोलला’ खोडून ‘म्हणाला’ लिहिले, ‘भांडले नाही’चे ‘भांडले नाहीत’ केले. शीर्षकाच्या आणि तात्पर्याच्या रिकाम्या जागेत फुली मारली. शेतकऱ्याचे आजारपण गाळले म्हणून अर्धा गुण कापला, आणि चूल-भाकरीच्या वाक्याखाली रेघ ओढून समासात ‘मुद्द्यांत नाही’ असा शेरा दिला. त्या दिवशी मला यात काहीही वावगे वाटले नाही. नमुना उत्तर समोर होते, गुणदान ठरलेले होते आणि माझ्या बाजूने मी काटेकोरच होते.

निकालाच्या दिवशी त्याची आई आली. मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत ती मजुरीला जात असे आणि दिवसाचा रोज बुडवून शाळेत आली होती. तिला अक्षर लावून लावून वाचावे लागत होते, म्हणून लाल रेघा दाखवत ती म्हणाली, “बाई, काय चुकलं त्याचं, तेवढं वाचून दाखवा ना.” मी गोष्ट मोठ्याने वाचली. काड्या चुलीत गेल्या त्या वाक्याशी आले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “हे खरंय बाई. छाटणीच्या काड्या मीच आणते घरी. अन् ही पोरं भांडायला लागली का मी आधी जेवायलाच बसवते त्यांना. पोटात गेलं का मग कशाला भांडतात?”

एप्रिल म्हणजे द्राक्षबागांच्या खरड छाटणीचा महिना. छाटलेल्या काड्यांचे भारे डोक्यावर घेऊन बायका संध्याकाळी घरी जातात आणि त्यांच्यावर दोन दिवसांचा स्वयंपाक होतो, हे नाशिकमध्ये जन्म काढलेल्या मला माहीत नव्हते असे नाही. पण उत्तरपत्रिका तपासताना ते माझ्या डोळ्यांसमोर आले नव्हते. मोडलेल्या काड्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न ती गोष्ट शिकवताना मला एकदाही पडलेला नव्हता. आठ वर्षांच्या त्या मुलाला तो पडला आणि त्याने तो आपल्या घरातल्या माहितीवर सोडवला. चौघे भाऊ एकत्र जेवले आणि भांडण थांबले. मी ज्या तात्पर्याच्या जागी फुली मारली होती, ते त्याने भाकरीच्या वाक्यात लिहून ठेवले होते.

तरीही त्या गोष्टीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. शीर्षक मागितले होते आणि त्याने दिले नाही, एक मुद्दा गाळला, हे खरेच आहे. मुद्द्यांवरून गोष्ट हा मुळात आकलनाचा आणि वाक्यविस्ताराचा प्रश्न आहे. तुटक मुद्दा वाचून त्याचे पूर्ण वाक्य करता येते का आणि क्रम सांभाळता येतो का, एवढेच तो तपासतो, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगाचाही आहे. चूक होते ती त्याचे गुण ‘कथालेखन’ या रकान्यात नेऊन बसवताना. गोष्ट रचण्याचे काम ज्यात मुलाला करायचेच नसते, त्या प्रश्नावरून त्याला गोष्ट रचता येते की नाही हे आपण ठरवून टाकतो. आणि एखाद्या मुलाने आपणहून रचलीच, तर ती ‘मुद्द्यांत नाही’ ठरते.

कागदावरची व्यवस्था मात्र तेव्हाही इतकी अरुंद नव्हती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे, असे त्याचे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तर तिसरी-चौथीला ६० आणि ४० असा भार ठरला. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत वर्षभर शेजारी बसून जे दिसते त्याला, दोन तासांत कागदावर जे उतरते त्यापेक्षा अधिक वजन दिले गेले. आकारिकाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम ही दोन अगदी आरंभी होती, आणि श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंद, म्हणजे मुलाविषयी शब्दांत लिहायचे निरीक्षण, आली. हे सगळे मला माहीत होते, प्रशिक्षणात बसून मी ते उतरवूनही घेतले होते. तरी हातात लाल पेन आले की मी जुन्याच सवयीने तपासत होते, कारण शिक्षकाच्या हाताला जे वळण लागते ते तो स्वतः विद्यार्थी असताना लागलेले असते.

वर्णनात्मक नोंदीचे मोल मला पुढे एका मुलीमुळे कळले. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला मोठा पूर आला होता. ही मुलगी चौथीत होती आणि घाटापासून जवळच राहत होती. पुराच्या दिवसांत धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले अशा बातम्या येत राहतात, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते वेगळेच : गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, एवढ्या उत्तरावरून सराफ बाजारातला माणूस दुकानातला माल हलवायचा की नाही ते ठरवतो. त्या मुलीने लिहिले होते : ‘मारुतीच्या गुडघ्याला पाणी आले तेव्हा आजी म्हणाली काही होत नाही. कमरेला आले तेव्हा मामा सामान वर ठेवायला लागला. छातीला आले तेव्हा आजी उठली.’

‘आजी उठली’ या दोन शब्दांपाशी मी थांबले. बसल्या जागेवरून न हलणारी आजी उठते, म्हणजे आता खरोखर भ्यायला हवे, हे त्या मुलीने एकही भीतीदर्शक शब्द न वापरता सांगितले होते. पाण्याची पातळी तीनदा चढते आणि तिन्ही वेळा घरातले माणूस बदलते. मोठ्यांच्या कथेतही अशी चढण साधायला वेळ लागतो. या मुलीची श्रेणी आमच्या कोष्टकाप्रमाणे ब-२ होती, म्हणजे ६१ ते ७० च्या दरम्यान, आणि विरामचिन्हे, जोडाक्षरे, परिच्छेद हे सगळे धरून ती योग्यच होती. पण ब-२ हा क्युसेकचा आकडा झाला. तो खोटा नसतो आणि कार्यालयाला तो लागतोही, परंतु पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागले हे त्याच्यावरून समजत नाही. ते सांगायला मारुती लागतो, आणि आमच्या कामात ती जागा वर्णनात्मक नोंदीची आहे. त्या दिवशी मी तिच्या नावापुढे लिहिले : ‘प्रसंग पायरीपायरीने चढवत नेते. भीती हा शब्द न वापरता भीती दाखवते. संवाद वेगळ्या ओळीवर लिहिण्याचा सराव हवा.’ तिच्याविषयी मला जे म्हणायचे होते ते पहिल्यांदाच त्या रकान्यात मावले.

अशा नोंदी लिहायला वेळ लागतो, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्या लिहिल्या जात नाहीत. तयार नोंदींच्या पुस्तिका विकत मिळतात, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर लांबलचक याद्या फिरतात, आणि ‘गोष्ट लिहिण्याचा प्रयत्न करतो’, ‘अक्षर वळणदार आहे’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ ही वाक्ये यादीतून उचलून चाळीस मुलांच्या नावांपुढे आळीपाळीने उतरवली जातात. मीही काही वर्षे हे केले आहे. मार्चअखेरीस इतकी कागदपत्रे पूर्ण करायची असतात की वाक्य तयार मिळाले तर माणूस ते घेतो. पण ‘प्रयत्न करतो’ ही नोंद ज्या मुलाच्या नावापुढे पडते, त्याच्याविषयी पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काडीइतकीही माहिती मिळत नाही. ती जागा कोरी ठेवली असती तर निदान कुणी विचारले तरी असते.

एकाच गोष्टीला वेगवेगळे शिक्षक किती वेगळे गुण देतात, हे आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, एका शिक्षण परिषदेत दिसले. तिसरीतल्या एका मुलाच्या गोष्टीची छायाप्रत आम्हा अठरा जणांना वाटली आणि दहापैकी गुण द्यायला सांगितले. कमीत कमी तीन आले आणि जास्तीत जास्त नऊ. तीन देणाऱ्या बाईंनी अक्षर पाहिले होते, नऊ देणाऱ्या सरांना शेवट आवडला होता, आणि मधल्या अनेकांनी ओळी मोजल्या होत्या. कुणीच आळस केला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या समजुतीने प्रामाणिकपणेच तपासले होते, पण नक्की काय तपासायचे हे ठरलेले नसल्यामुळे अठरा जणांनी अठरा वेगळ्या वस्तू मोजल्या. घरी आल्यावर मी आणखी एक केले. महिन्यापूर्वी तपासलेल्या पाच गोष्टी आधीचे गुण झाकून पुन्हा तपासल्या, आणि दोन गोष्टींत माझेच गुण दोन-दोनने बदलले. गठ्ठ्याच्या तळाशी, रात्री साडेदहानंतर हाती आलेल्या वह्यांना मी कमी गुण दिले होते.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षाने पाळते. वह्यांचा क्रम दर वेळी बदलते, म्हणजे तेच मूल दर वेळी तळाशी जात नाही. मुखपृष्ठावरचे नाव न पाहता वही थेट त्या पानावर उघडते, कारण हुशार म्हणून नाव झालेल्या मुलाची साधी गोष्टही आपल्याला बरी वाटते आणि मागे बसणाऱ्याची चांगली गोष्ट उसनी वाटते. वर्णनाच्या निकषांपेक्षा मला नमुन्यांचा अधिक उपयोग झाला. आमच्या शाळेतल्या तिघींनी मिळून जुन्या मुलांच्या सहा गोष्टी निवडल्या, त्यांची नावे काढून टाकली, आणि यातली प्रत्येक कोणत्या पायरीवरची आहे यावर दोन दुपारी भांडलो. ‘कल्पकता : उत्तम’ याचा अर्थ आम्हा तिघींच्या मनात निराळा होता, समोर पान ठेवल्यावर तो हळूहळू एक होत गेला.

ज्या मुलांना सांगता येते पण लिहिता येत नाही, त्यांच्याविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण आमच्या तपासणीत सर्वांत अधिक अन्याय त्यांच्यावर होतो. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचे घर मळ्यात होते, आणि नाशिकच्या आसपासच्या उसाच्या मळ्यांत बिबट्या दिसणे ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही. त्याने वहीत तीन वाक्ये लिहिली : ‘बिबट्या आला. सगळे घाबरले. बिबट्या गेला.’ मी वही घेऊन त्याच्याजवळ बसले आणि विचारले, “बिबट्या आला हे तुम्हाला कळलं कसं?” तो म्हणाला, “बाई, कुत्री गप झाली ना.” मग जवळजवळ दहा मिनिटे तो बोलत होता. कुत्री आधी भुंकत होती, मग एकदम गप्प झाली. आजोबांनी विडी विझवली. शेळीने पाय आपटला. पत्र्यावर काहीतरी पडले, ते शेवग्याची शेंग होती की आणखी काही हे कुणी बघायला गेले नाही. सकाळी चिखलात पंजा दिसला आणि त्याच्या धाकट्या बहिणीने त्या पंजात आपला हात ठेवून पाहिला.

हा मुलगा गोष्टीत कच्चा आहे, असे कोण म्हणेल? पण वहीवरून तपासले असते तर मी तेच म्हटले असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला अक्षराचे वळण, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षर फोडणे, ओळ न सोडणे आणि पेन्सिलीची पकड हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. ‘कुत्री गप्प झाली’ एवढे लिहून होईपर्यंत मनातली गोष्ट सकाळच्या चिखलापर्यंत जाऊन पोहोचलेली असते. मागे राहिलेले सगळे मग तो गाळतो, आणि ज्याला जोडाक्षर येत नाही तो जोडाक्षर असलेला शब्दच टाळतो. म्हणून मी आता तोंडी गोष्ट आणि लेखी गोष्ट यांच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवते. त्या दिवशी तो सांगत गेला आणि मी त्याच्याच शब्दांत लिहीत गेले. ते पान मी त्याला वाचायला दिले, आणि स्वतःचीच वाक्ये असल्यामुळे एरवी अडखळणारा तो मुलगा ते पान सलग वाचून गेला. दुसऱ्या दिवशी त्यातला फक्त कुत्र्यांचा भाग त्याने स्वतः लिहिला. सहा ओळी होत्या, आणि ‘गप्प’ हा शब्द त्याने तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता. मी ‘गप्प’वर काहीच खूण केली नाही. त्या आठवड्यात आम्हाला कुत्री गप्प करायची होती. जोडाक्षराचा तास पुढच्या आठवड्यात घेता आला.

शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करावे, असे माझे मत मुळीच नाही. मी मराठीची शिक्षिका आहे आणि चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे माझी नजर आपोआप जाते. पण चूक कशी झाली हे पाहिल्यावाचून तिला गोल करणे मी सोडले आहे. ‘चूलीत’ हीच चूक घ्या. ‘चूल’मधला ऊकार दीर्घ असतो हे त्या मुलाला पक्के ठाऊक होते. विभक्तीचा प्रत्यय लागला की उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो, चूल आणि चुलीत, फूल आणि फुलात, एवढी पुढची पायरी त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ज्याला ‘चूल’ हा शब्द ठाऊकच नाही त्याने ही चूक केली नसती. माझ्या लाल गोलाने त्याला फक्त चुकले एवढेच कळले. अर्धे बरोबर आहे, हे कळले नाही.

माझ्या आजोबांच्या वह्या आमच्या घरी अजून आहेत. ते ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहीत, आणि त्या काळात तो अनुस्वार न देणाऱ्या मुलाला मार खावा लागे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. आज ‘नांव’ लिहिणाऱ्या मुलाला मी चूक देते. नियम आवश्यक असतात, मी ते शिकवते आणि पुढेही शिकवीन. परंतु लोकांनी ठरवलेल्या आणि एका पिढीत बदललेल्या नियमाचे वजन, कुत्री गप्प झाल्यावर बिबट्या येतो हे जाणण्याच्या वजनाइतके धरता येत नाही.

काही चुका तर चुका नसतातच. सटाण्याकडून आलेल्या एका मुलीने लिहिले होते, ‘अंधारात मांजरीचे डोये चमकत होते.’ अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची ‘शाया’ होते आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. ही मुलगी आईच्या तोंडून जे ऐकत होती ते अगदी बिनचूक लिहीत होती. मी तिला म्हटले, “तुझ्या घरी डोये म्हणतात, पुस्तकात डोळे लिहितात. गोष्ट तू सांगत असशील तेव्हा डोळे लिही, आणि गोष्टीतली आजी बोलेल तेव्हा खुशाल डोये लिही.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग आजीला जास्त बोलू देऊ का?” तिच्या पुढच्या सगळ्या गोष्टींत एक आजी असे आणि ती बरेच बोलत असे. वर्षअखेरीस त्या आजीची अहिराणी आणि बाहेरची प्रमाण मराठी यांच्यातला फरक त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगला सांभाळता येऊ लागला होता.

तपासताना मी आता सर्वांत बारकाईने पाहते ते वाक्यांना जोडणारे शब्द. लहान मुलांच्या गोष्टीतला ‘आणि मग’ पूर्वी माझ्या डोक्यात जाई. एका पानावर मी तो सतरा वेळा मोजून खोडला होता. पण ‘आणि मग’ म्हणजे मुलाला क्रम कळला आहे. एकामागून एक घडते, हे त्याने धरले आहे. पुढे कधीतरी त्यात एक ‘पण’ येतो. ‘पण’ आला की समजावे, मुलाला अडचण सुचली, कुणाच्या तरी मनासारखे घडले नाही. त्यानंतर ‘म्हणून’ येतो आणि कारण व परिणाम यांची गाठ बसते. ‘तेवढ्यात’ आला की मूल ऐकणाऱ्याचा विचार करू लागलेले असते, त्याला दचकवायला बघते. जुलैतली गोष्ट आणि फेब्रुवारीतली गोष्ट शेजारी ठेवून मी हे शब्द पाहते, आणि त्या मुलाविषयी अ-ब-क सांगणार नाहीत ते मला या चार शब्दांतून कळते. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याची गरजच उरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन करण्याचीही शिफारस केली आहे. माझ्या वर्गात ते असे होते की मूल उभे राहून आपली गोष्ट वाचते आणि ऐकणाऱ्यांनी फक्त एक प्रश्न विचारायचा. ‘छान आहे’ असे म्हणायला बंदी आहे. पुराच्या गोष्टीला एका मुलाने विचारले होते, “आजी उठली, मग चालत गेली का उचलून नेली?” मी लिहिलेल्या कोणत्याही शेऱ्यापेक्षा तो प्रश्न नेमका होता, आणि त्या मुलीने दुसऱ्या दिवशी चार ओळी वाढवून आणल्या.

वेळेचा हिशेबही सांगायला हवा, कारण तरुण शिक्षिका मला तोच आधी विचारतात. कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण असले तरी माझ्या वर्गात ४२ मुले होती. प्रत्येक गोष्टीला पाच मिनिटे धरली तरी साडेतीन तास होतात, आणि ते दर आठवड्याला शक्य नाही. म्हणून मी सगळ्या गोष्टी वाचते, पण रोज चारच वह्यांवर नीट लिहिते. दोन-अडीच आठवड्यांत प्रत्येक मुलाची पाळी येते. उरलेल्या वह्यांवर फक्त एका आवडलेल्या वाक्याखाली रेघ असते. मुले वही हातात पडली की आधी ती रेघ शोधतात. पेन्सिलीने लिहिते, कारण लाल रंग दिसला की पालक काय लिहिले आहे ते न वाचता मुलाकडे बघतात. आणि गोष्टीच्या खाली शेरा देत नाही, प्रश्न लिहिते. त्याच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडते.

यंदा दुसरीतल्या एका मुलाने रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पिलाची गोष्ट लिहिली. पिलू पावसात भिजले, जिन्याखाली येऊन बसले, घरमालकाने हाकलले, रात्री पुन्हा आले, सकाळी शेपूट हलवत होते. सात वाक्ये होती आणि दोन ठिकाणी ‘पण’ होता. मी खाली लिहिले, ‘रात्रभर त्याला भूक लागली नाही का?’

दुसऱ्या दिवशी वही परत आली. मोकळ्या सोडलेल्या दोन ओळींत त्याने लिहिले होते : ‘मी माझी पोळी दीली. पण आई गोष्ट वाचते म्हणून लीहीले नाही.’

ती वही अजून माझ्या टेबलावर आहे. नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी लिहिले आहे, ‘गोष्टीत काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, याची निवड करतो.’ मधल्या सुट्टीत त्याला बोलावून विचारायचे आहे की ही गोष्ट वर्गात वाचायची असेल तर ती पोळी त्यात घ्यायची की नाही. आणि तो नको म्हणाला तर त्या दोन ओळींवर पांढरा कागद चिकटवून मगच वही घरी पाठवायची आहे.